न मोजलेल्या पाण्याचा दोष



नीतीची चर्चा करताना आपण बहुधा चोरी, हिंसा, असत्य, व्यसन अशा गोष्टी समोर ठेवतो. ज्याने केले तो दिसतो, ज्याच्यावर केले तोही दिसतो. मग दोष कोणाचा हे ठरविणे फारसे जड जात नाही. परंतु जेथे कृत्य कोणा एकाचे नाही, ते कोणत्या घटकेला घडले हे कोणी पाहिलेले नाही आणि ज्याचा जीव गेला त्याला तक्रार करण्यासाठी वाचा नाही, तेथे दोष कोणाच्या पदरात टाकावा? आणि ज्याच्याकडे बोट दाखवावे तो प्रत्येक जण 'आम्हास ठाऊक नव्हते' असे शपथेवर सांगू शकत असेल, तर? हा प्रश्न हवेतला नाही. आमच्या नवी मुंबईच्या खाडीकाठी, नाल्याच्या तोंडाशी तो उताणा पडलेला सापडतो.

मेलेले मासे तरंगू लागले की पुढचा क्रम ठरलेला असतो. कोणी छायाचित्र काढतो, कोणी अर्ज देतो, दोन दिवसांनी कोणी बाटली घेऊन येतो. तोवर चार भरत्या आणि चार ओहोट्या होऊन गेलेल्या असतात. बाटलीतले पाणी निर्दोष निघते. कारखाना म्हणतो, आमचे सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाते. केंद्र म्हणते, आमच्याकडे जे आले ते आम्ही शुद्ध करूनच सोडले. एक कार्यालय म्हणते, हा नाला पावसाच्या पाण्याचा आहे, त्याचा सांडपाण्याशी संबंध नाही. दुसरे कार्यालय म्हणते, नमुना मर्यादेत आहे. यांतील प्रत्येक वाक्य खरे असू शकते. मासे मात्र मेलेले असतात.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधे जमिनीची लांबट पट्टी. डोंगराच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० नंतरच्या दशकात उभा राहू लागला. खाडीकडील बाजूस १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने शहर वसविले आणि १९९२ साली महानगरपालिका आली. डोंगरावर पडलेल्या पावसाला खाडी गाठायची असेल तर आधी कारखान्यांतून आणि मग वस्तीतून वाट काढावी लागते. शहराची बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल असल्याने खाडीच्या काठाला धारण तलाव बांधले आहेत. भरती चढली की त्यांच्या झडपा समुद्राच्या दाबानेच मिटतात. ओहोटी लागली की उघडतात आणि आत तुंबलेले पाणी बाहेर सोडतात. व्यवस्था हुशारीची आहे यात शंका नाही. पण तिचा एक अर्थ असाही होतो की नाल्याने जे काही आणले ते काही तास आत थांबते आणि मग एकदम खाडीत उतरते. ते नेमके काय होते, हे त्या काही तासांतच पाहावे लागते.

मलप्रक्रिया केंद्रे या शहरात आहेत आणि अनेक शहरांच्या मानाने ती बरी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रश्न त्या केंद्रांपर्यंत न पोहोचणाऱ्या पाण्याचा आहे. पावसाळी नाल्याला वाटेत कोण कोण येऊन मिळते? गॅरेजचे तेल, खानावळीची खरकटी, गटारजोडणी नसलेल्या वस्तीचा मैला. शिवाय रात्री टँकर रिकामा केल्याच्या तक्रारी या पट्ट्यात नवीन नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवितो. मुलांना सांगतो, मासा पाण्यावर जगत नाही. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. आणि तो फार थोडा असतो. आपल्याकडील कोमट खाऱ्या पाण्यात लिटरमागे सहा-साडेसहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू सहसा मावत नाही. मासेमारीच्या पाण्यासाठी शासनाने ठरविलेली किमान पातळी आहे चार मिलिग्रॅम. भरल्या घरापासून धोक्याच्या रेषेपर्यंतचे अंतर एवढेच, दोन-अडीच मिलिग्रॅम! नाल्यातून मैला आणि कुजका माल आला की जीवाणू त्यावर तुटून पडतात आणि तो कुजविताना पाण्यातला प्राणवायू खर्च करतात. उन्हाळाभर नाल्याच्या तळाशी बसलेला काळा गाळ पहिल्या जोराच्या सरीबरोबर थोड्या वेळात खाली येतो. बोय आणि कोळंबी पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. ज्यांना पळता येते ती पळतात. खडकाला चिकटलेले कालव कोठे पळणार? निवटी चिखलावर उड्या मारताना दिसते म्हणून सर्व ठीक आहे असे कोणी समजू नये. ती हवेतूनही श्वास घेते. खाडीची साक्ष घ्यायची तर जो जागा सोडू शकत नाही त्याची घ्यावी.

आणि रोहित पक्षी? हजारो फ्लेमिंगो येतात म्हणजे खाडी निरोगी आहे, असे सुखावून बोलणारे पुष्कळ भेटतात. २०१५ साली येथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, २०२२ साली ठाण्याची खाडी रामसर यादीत गेली. या दोन्ही गोष्टी आनंदाच्याच आहेत. परंतु येथे येणाऱ्यांत जो लहान फ्लेमिंगो मोठ्या संख्येने असतो तो निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो आणि असे शेवाळ मैल्यातील नत्र व स्फुरद यांवर माजते. शहराच्या घाणीनेच त्याचे ताट वाढले असावे, असे अभ्यासकांनी मांडले आहे. तेव्हा सुंदर पक्षी दिसणे हा शुद्ध पाण्याचा पुरावा होत नाही. आणखी एक गोष्ट पाहा. २०२४ साली नेरुळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात काही फ्लेमिंगो मेले, तेव्हा एकेक पक्षी मोजला गेला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली आहे यावर चर्चा झाली. ते योग्यच झाले. पण गुलाबी मरण मोजले जाते आणि चिखलातले राखाडी मरण मोजले जात नाही, याला काय म्हणावे? करुणासुद्धा रंग पाहून येऊ लागली, तर ती करुणा की नुसता शौक?

आपल्या वाचकांना 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या शब्दांचा इतिहास नव्याने सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याची ओंजळ घेतली. त्यानंतर तेथील सवर्णांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दही वगैरे कालवून ते तळ्यात परत ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी त्या घटनेकडे पाहतो तेव्हा दिसते की त्या दिवशी पाण्याकडे कोणीच पाहिले नव्हते. पाहिले ते माणसाकडे. त्याची जात मोजली आणि निकाल पाण्यावर लिहिला. शेण घातल्याने तळ्याची प्राणवायूची मागणी वाढली असणार, एवढेच काय ते शास्त्रदृष्ट्या घडले! आज खाडीच्या बाबतीत त्याच चुकीची दुसरी बाजू दिसते. पाणी पाहिल्यावाचून ते शुद्ध ठरते, कारण ते मान्यवर पत्त्यावरून आलेले असते. दोन्ही ठिकाणी पाण्याला विचारायचे राहून गेले.

तपासण्याची रीत मुळीच गूढ नाही. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली हवेचा बुडबुडा आत राहू न देता भरायची. तिच्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण घालून बूच लावायचे आणि हलवायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. साका दुधासारखा पांढरा दिसला तर त्या पाण्यात श्वास नाही. नेमका आकडा काढायला पुढे आणखी काम आहे, पण एवढे तर आठवीतल्या मुलालाही दिसते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, हे एवढं सोपं आहे तर रोज का करत नाहीत?" मुलांच्या प्रश्नांना शिक्षकाने टाळू नये, पण या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या तासाला देण्यासारखे नव्हते. ते या लेखात देतो आहे.

मोजले की ठाऊक होते. ठाऊक झाले की काही तरी करावे लागते. जोवर मोजले नाही तोवर अज्ञान शाबूत राहते आणि अज्ञानाला कायदा व समाज दोघेही माफ करतात. अज्ञान हे येथे दुर्दैव नसून एक सोय आहे. ती सोय जपली जाते, तिच्यावर खर्चही होतो.

या सोयीचा विचार बुद्धाच्या संघात फार पूर्वी झालेला आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर, भिक्षापात्र, सुई, वस्तरा यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे फडकेही आहे, परिस्सावन. पाचित्तिय नियमांत दोन ठिकाणी पाण्यातील जीवांचा विषय येतो: जीव असलेले पाणी जाणूनबुजून गवतावर वा मातीवर ओतणे हा दोष, आणि असे पाणी जाणूनबुजून वापरणे हाही दोष. दोन्ही नियमांत 'जाणून' हा शब्द आहे. ज्याला ठाऊक नव्हते त्याला दोष लागत नाही, आणि हे न्यायालाही धरून आहे. कारण हेतू नसताना दोष लावणे हे कर्मकांडाचे लक्षण आहे, धम्माचे नव्हे. परंतु मग लबाड मनुष्य काय म्हणेल? तो म्हणेल, मी भांड्यात डोकावतच नाही. न पाहिले की न जाणले, न जाणले की निर्दोष!

ही पळवाट उघडी ठेवलेली नाही. गाळणी बरोबर घेतल्याशिवाय भिक्खूने प्रवासाला निघू नये, असा नियम विनयाच्या चुल्लवग्गात आहे. निदान गाळणी नसेल तर चीवराच्या टोकाने पाणी गाळण्याचा निश्चय तरी करावा. म्हणजे न जाणणाऱ्याला क्षमा आहे, पण पाहण्याचे साधन बाळगणे हे कर्तव्य आहे. साधन असून न पाहणारा माणूस 'ठाऊक नव्हते' या आश्रयाला पात्र राहत नाही. माझ्या मते खाडीच्या प्रश्नाची सारी नीती येथे सापडते. पाण्याची तपासणी हे एखाद्या खात्याचे किरकोळ तांत्रिक काम नसून ते शील आहे. जो नाला वापरतो, म्हणजे कारखाना, नगर, तुम्ही आणि मी, त्याच्यावर नाल्यात डोकावण्याचे बंधन आहे.

अज्ञान कसे जपले जाते याचे जगातले सर्वांत दारुण उदाहरण जपानमधील मिनामाताचे. तेथील चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याचे संयुग असलेले सांडपाणी उपसागरात सोडीत होता. मासे खाऊन मांजरे वेड्यासारखी नाचू लागली, पाण्यात पडून मरू लागली. मग कोळ्यांची मुले. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५८ साली कंपनीने सांडपाण्याचे तोंड बंदरातून नदीच्या मुखाकडे वळविले, तेव्हा रोग नव्या किनाऱ्यांवर पसरला. कंपनीच्याच रुग्णालयाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना दिले आणि १९५९ साली त्यांच्या नोंदवहीतील ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच आजार झाला. आता ठाऊक झाले होते! कंपनीने काय केले? तो निष्कर्ष दडपला. त्याच वर्षाच्या अखेरीस थाटाने एक शुद्धीकरण यंत्र बसविले, उद्घाटनाला अध्यक्षांनी त्यातले म्हणून पाणी पिऊन दाखविले. आणि ज्या विभागातून पारा येत होता त्याचे पाणी त्या यंत्रातून जातच नव्हते. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. डॉ. होसोकावा यांनी १९७० साली आजारी अंथरुणावरून साक्ष दिली. ते पाणी पिण्याचे नाटक वाचताना मला १०८ घागरी आठवतात. देश वेगळा, धर्म वेगळा, पण पाण्यावर विधी करून लोकांच्या मनातली शंका धुऊन टाकण्याची रीत मात्र एकच.

म्हणून नुसते 'मोजा' म्हणून भागत नाही. मोजण्याचेही कर्मकांड होऊ शकते. सकाळी अकरा वाजता, भरतीच्या वेळी, पुलाच्या सोयीच्या बाजूने बाटली बुडवली तर तीत खाडी सापडते, नाला सापडत नाही. नाला पाहायचा असेल तर ओहोटीच्या शेवटी पाहावा लागतो. रात्री पाहावा लागतो. पहिल्या पावसाच्या पहिल्या तासात पाहावा लागतो. अतिप्रदूषण करणाऱ्या १७ प्रवर्गांतील उद्योगांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना आपल्या सांडपाण्यावर अखंड चालणारे मीटर बसविण्याचा आदेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली दिला. पाऊल चांगले आहे. पण ती सक्ती कारखान्याच्या नळीला आहे. जो पावसाळी नाला सर्वांचे सर्व काही घेऊन खाडीला जातो, त्याच्या तोंडाला नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरची कुत्री निळी झाली, तेव्हा साऱ्या जगाने चित्रे पाहिली आणि मग एक कारखाना बंद करण्यात आला. रंग अंगावर घेऊन रस्त्याने फिरणारे कुत्रे हेच तेथले मापनयंत्र ठरले. जवळच्या कासाडी नदीबद्दल कोळी आणि गावकरी त्याआधीपासून तक्रार करीत होते. पण नदी काही भुंकत रस्त्यावर येत नाही.

आकड्यांच्या आत दडलेल्या नीतीकडेही पाहावे. आपल्याकडे किनाऱ्याच्या पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग केले आहेत. पहिल्यात मिठागरे, शिंपल्यांची शेती आणि संवेदनशील परिसर, दुसऱ्यात स्नान व मासेमारी, तिसऱ्यात कारखान्यांचे शीतकरण व नुसती शोभा, चौथ्यात बंदरे, आणि पाचव्यात जहाजांची ये-जा व मर्यादित घाण सोडणे. चार वर्ग आणि घाण वाहण्यासाठी नेमलेला पाचवा! हिशोब करणाऱ्यांच्या मनात तसे काही नसेल, पण आपल्याला तो आकडा चटकन ओळखू येतो. खाडीच्या एका तुकड्याला एकदा खालचा वर्ग दिला की त्याची घाण नियमात बसते. आणि पाणी तर वर्गाची सीमा न पाहता भरतीबरोबर वर सरकते. दुसरा आकडा पाहा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीत सोडायच्या सांडपाण्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवी. किनाऱ्याच्या समुद्रात सोडायचे तर १०० पर्यंत चालते. परवाना देताना याहून कडक अट घालता येते, हे खरे. तथापि मूळ विचार असा दिसतो की समुद्र मोठा आहे, त्यात खपून जाईल. ठाण्याची खाडी म्हणजे काही अरबी समुद्र नव्हे. सव्वीस किलोमीटरची ती अरुंद जीभ आहे; उत्तरेच्या टोकाला तिचे पाणी ओहोटीने बाहेर जाते आणि बरेचसे भरतीने परत येते.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की मासा शेवटी जाळ्यातच मरायचा आहे, आणि तो आपणही खातो. मग नाल्यात मेला म्हणून एवढा कळवळा का? आक्षेप थट्टेचा नाही. पंचशील घेणाऱ्याने त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ताटातल्या माशाचा प्रश्न स्वतंत्र आहे, त्याची जबाबदारी खाणाऱ्याने आपल्या मनाशी तपासावी. पण जाळे आजचा मासा नेते. नाला त्याची अंडी, त्याच्या अंड्यांचा चिखल, चिखलातले किडे आणि पुढच्या वर्षाचा मासा नेतो. जाळे टाकणाऱ्याला आपण काय करतो हे ठाऊक असते आणि तो त्याचे ओझे उचलतो. नाला सोडणाऱ्याने ते ओझे आपले आहे हे कबूलच केलेले नाही. दिवाळ्याच्या, सारसोळ्याच्या, वाशीगावच्या कोळ्याने आपले पाणी विकले नव्हते. त्याची चिंबोरी, त्याचा जिताडा कमी झाला तर त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या जास्त जवळचा आहे. तपासणी कडक झाली तर कारखान्याला टाळे लागेल, आणि मग तुर्भे, रबाळे, दिघा येथील आपल्या वस्त्यांतला कंत्राटावरचा मुलगा घरी बसेल. माझे काही विद्यार्थी आज त्याच कारखान्यांत आहेत. मी त्यांना काय सांगू? मासे वाचवायला तुझा पगार जाऊ दे? असे सांगणारा शिक्षक त्यांच्या आईला तोंड दाखवू शकणार नाही. म्हणून हिशोब नीट मांडला पाहिजे. न मोजण्याची किंमत कोळी देतो. मोजून टाळे लागले तर किंमत कंत्राटी कामगार देतो. मधला मनुष्य, ज्याने प्रक्रियेचा खर्च वाचविला, तो दोन्ही वेळा हिशोबाबाहेर राहतो. कोळी आणि कामगार यांना एकमेकांसमोर उभे करणे हाच त्याचा बचाव आहे. बंदीच्या काळातील मजुरी मालकाकडून वसूल व्हावी, अशी मागणी तपासणीच्या मागणीबरोबरच केली पाहिजे; एकीशिवाय दुसरी करणे मला न्यायाचे वाटत नाही. आणि रोज मोजले तर टाळ्याची वेळ क्वचितच येते. आकडा चढू लागला की झडप फिरविता येते, टाकी दुरुस्त करता येते. टाळे लागते ते वर्षानुवर्षे न पाहिल्यानंतर, एका रात्रीत.

कामगाराचा आणि माशाचा संबंध याहूनही खोल आहे. प्राणवायू संपलेल्या गाळात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो चिखलातल्या किड्याला मारतो आणि गटारात उतरलेल्या माणसालाही मारतो. या देशात कित्येक पिढ्या गटारातल्या हवेचे मापन कसे झाले? आत एक माणूस उतरवून. तो वर आला तर हवा बरी. त्या माणसाची जात कोणती असे, हे सांगण्याची गरज नाही. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३ साली नव्याने झाला. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. माझ्या आजोबांच्या पिढीला नाला ठाऊक होता तो उपसण्यापुरता. आमच्या घरात प्रयोगशाळेतली बाटली हातात धरणारा मी पहिला. नाला उपसणाऱ्याच्या नातवाने नाला मोजावा, याला मी मोठे परिवर्तन मानतो. घाण वाहणे आणि घाणीचा पुरावा हाती असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण पुरावा कोणाचा मानला जातो? १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमात नमुना घेण्याची पद्धत दिली आहे: जागेच्या धन्याला सूचना द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोर लावायची, नमुना घेणाऱ्याने आणि धन्याने किंवा त्याच्या माणसाने सही करायची. निरपराध्याला शिक्षा होऊ नये म्हणून ही काळजी आवश्यक आहे. मात्र पहाटे तीन वाजता होडीतून जाणाऱ्या कोळ्याने पाण्याचा बदललेला वास ओळखून भरलेली बाटली या कलमात बसत नाही. ज्याला सर्वांत आधी कळते त्याचे ज्ञान कायद्याच्या दारात ज्ञान ठरत नाही.

चुल्लवग्गात त्या गाळणीच्या नियमामागची हकीकत दिली आहे. कोसल देशात दोन भिक्खू वाटेने चालले होते. एकाचे वर्तन बरे नव्हते, दुसऱ्याने त्याची कानउघाडणी केली, तेव्हा पहिल्याने मनात डूख धरला. पुढे दुसऱ्याला तहान लागली; त्याच्याजवळ गाळणी नव्हती; त्याने मागितली आणि पहिल्याने दिली नाही. तो तहानेने मेला. तेव्हा प्रवासात गाळणी मागणाऱ्याला ती नाकारणे हाही दोष ठरला.

आपल्या कायद्यातही मागण्याची जागा आहे. १९८८ च्या दुरुस्तीने कलम ४९ मध्ये कोणाही नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करण्याचा मार्ग दिला. अशा नागरिकाने मागितल्यास मंडळाने आपल्याजवळचे अहवाल त्याला द्यावेत, असेही तेथे लिहिले आहे. सार्वजनिक हिताला बाधक असतील तरच नकार देता येतो. २००५ सालापासून माहितीचा अधिकारही आहे. तेव्हा ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत प्रत्येक नाल्याचे तोंड, तेथील धारण तलाव, ओहोटीची वेळ, पाण्याचा रंग आणि वास, कालवांची स्थिती यांची नोंदवही कोळीवाड्यातील दोघांनी आणि वस्तीतील दोघांनी मिळून ठेवावी. शाळेतली बाटली आम्ही शिक्षक देऊ. जानेवारी ते मार्च नोंदी घ्याव्यात, त्याच नाल्यांचे मंडळाचे अहवाल मागवावेत आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्यातून साठ दिवस मागे मोजले तर तारीख भीमजयंतीच्या आसपास येते. नोटीस द्यायची झाली तर त्या आठवड्यात हातात पडली पाहिजे.